कर्वे रस्त्यावरचं न्यूरोचं क्लिनिक: डॉक्टर उत्तम, ट्यूबलाइट असह्य

अर्धशिशी मला कॉलेजपासून. डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेष येणार, वीसेक मिनिटं हळूहळू पसरणार, मग उजवं कपाळ ठणकणार, उलटी झाली की झोप. सवयीचं झालं होतं.

यंदा श्रावणात वेगळंच घडलं. डावीकडे रंगीत गोळे दिसले आणि मिनिटभरात मी ओट्यापाशी आडवी. शुद्धीवर आले तर जीभ चावलेली, डोकं फुटतंय आणि सासूबाई नाकाशी कांदा धरून बसलेल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी ‘मायग्रेन वाढलंय’ म्हणून गोळ्या दिल्या. आणखी एकदा पडल्यावर इथे आले.

इथे पहिला प्रश्न दुखण्याचा नव्हताच. रेष की गोळे? रंगीत का? घड्याळाने किती मिनिटं? मग मला गप्प बसवून ह्यांना बोलतं केलं, कारण पडल्यानंतरचं मला काय ठाऊक! डॉक्टर म्हणाले, मायग्रेनची लाट मेंदूवरून मिनिटाला जेमतेम ३ मिलिमीटर सरकते, म्हणून ती रेष इतका वेळ रेंगाळते. फिट सेकंदांत येते, आणि तिच्यामागून डोकं दुखणं नेहमीचंच. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. मला आहेत.

ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीसाठी, आदल्या रात्री जागरण, केस धुतलेले, तेलाचा थेंब नाही. डोक्याला लावलेली चिकट पेस्ट दोनदा शाम्पू करूनही निघेना. रिपोर्ट नॉर्मल आला. मी खूश झाले, तर डॉक्टर म्हणाले, नॉर्मल ईईजी म्हणजे फिट नाही असं होत नाही, तुम्ही दोघांनी सांगितलं तेच जास्त बोलकं आहे. पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा, कुशीवर वळवा, वेळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर थेट हॉस्पिटल. कांदा भाजीत घाला.

टोपिरामेट हे औषध सुरू आहे, दोन्हींवर चालतं. बोटांना मुंग्या येतात, सोडा फिका लागतो, आणि परवा ‘किसणी’ हा शब्दच आठवेना. हे दुष्परिणाम त्यांनी आधीच सांगितले होते, म्हणून घाबरले नाही. स्कूटर मात्र बंद केलीय. पुण्यात!

आता तक्रार. डोकेदुखीचे पेशंट बसतात त्या खोलीत ट्यूबलाइट फडफडते आणि टीव्ही मोठ्याने चालू. रिसेप्शनला दोनदा सांगितलं. सहाची अपॉइंटमेंट म्हणजे आठ वाजतात. गॉगल न्या.