ईमॅक्सचं फंक्शन घटकाभर बदलायचं असेल तर : 'सीएल-लेटएफ' काही महिने वापरल्यावर

रावेरला आमचा केळीचा व्यवहार आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्याच्या ऑर्ग-मोड या नोंदी ठेवायच्या सोयीच्या फायलींत ठेवतो. संध्याकाळी एक कमांड दिली की सगळ्यांच्या पीडीएफ निघतात. अडचण एकच होती. त्यातलं एक बाहेरचं पॅकेज (ईमॅक्सला जोडलेला दुसऱ्याचा कोड) प्रत्येक पट्टीला थांबून विचारायचं, जुनी फाइल आहे, ओव्हरराइट करू का? आणि दर वेळी अख्खं 'येस' टाइप करा. बाहेर गाडी भरून उभी, ड्रायव्हर घाई करतोय, कोण बसणार टाइप करत? हा प्रश्न बंद करायचं सेटिंग पॅकेजात नाही. म्हणून केळीच्या कांदेबागेची कापणी सुरू झाल्यापासून ईमॅक्सच्या लिस्प भाषेतलं 'सीएल-लेटएफ' वापरतोय.

काम सोपं आहे. 'येस-ऑर-नो-पी' हे ईमॅक्समध्ये हो-नाही विचारणारं फंक्शन. त्या नावामागचं फंक्शन तेवढ्यापुरतं काढून आपलं बसवायचं. आतलं काम संपलं की मूळचं आपोआप परत येतं. मध्येच एरर आली किंवा कंट्रोल-जी दाबून काम थांबवलं तरी येतं. फंक्शन लिहायच्या 'डीफन'ने थेट मूळ फंक्शनवर कायमचं लिहिणारे लोक अजून दिसतात, त्यांना माझा हात जोडून नमस्कार. 'सीएल-फ्लेट'ही इथे कामाचं नाही: ते फक्त आपण लिहिलेल्या ओळींपुरतं बदलतं, पॅकेजच्या आतून होणाऱ्या कॉलला कळतही नाही. जुनं 'फ्लेट' ते करायचं, पण २०१३च्या २४.३ आवृत्तीपासून ते मोडीत निघालंय.

आता खरी गोम. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक नमुन्यांत नवं फंक्शन डोळे झाकून 'हो' म्हणतं. पण आमच्या पट्ट्या शेअर फोल्डरमध्ये आहेत, काट्यावरचा मुलगा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच फायलींत वजनं भरतो. अशी फाइल सेव्ह करताना ईमॅक्स विचारतो, ही फाइल उघडल्यानंतर बदलली आहे, तरी सेव्ह करू का? हा प्रश्नही 'येस-ऑर-नो-पी'मधूनच येतो. सरसकट 'हो' दिलं तर त्याने भरलेलं वजन गेलं, आणि शेतकरी पैसे मागायला आपल्याच ओट्यावर. म्हणून माझं फंक्शन आधी प्रश्नाचा मजकूर बघतं. त्यात 'ओव्हरराइट' असेल तरच 'हो'. बाकी सगळं मूळ फंक्शनकडे. मूळ फंक्शन आधीच एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावं लागतं, नाहीतर आपलंच फंक्शन स्वतःला हाका मारत बसतं. आपल्या कोडच्या फायलीच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंगही चालू हवं, म्हणजे ते व्हेरिएबल आपल्या फंक्शनबरोबर बांधलेलं राहतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'डीबग-ऑन-एरर' हे सेटिंग चालू असेल तर एरर आल्यावर डीबगरची खिडकी उघडते, आणि ती 'क्यू' दाबून बंद करेपर्यंत आपला बदल लागूच राहतो. तेवढ्यात दुसऱ्या बफरमध्ये, म्हणजे उघडलेल्या दुसऱ्या फायलीत, काही केलंत तर तिथेही आपलंच फंक्शन उत्तर देणार. उलट, मागे चालणारी प्रोसेस संपल्यावर जो कोड चालतो, त्याच्या वेळेपर्यंत बदल उतरलेला असतो. तिथे याचा उपयोग शून्य.

वेग? फरक जाणवला नाही. 'येस-ऑर-नो-पी' 'सी' भाषेत लिहिलेलं असल्याने २८ आवृत्तीपासूनच्या नेटिव्ह कंपाइलवाल्या (लिस्पचा थेट मशीन कोड करणाऱ्या) ईमॅक्समध्ये पहिल्यांदा थोडं अडखळतं. तो मशीन कोड साठवणाऱ्या ईएलएन-कॅश फोल्डरमध्ये 'सबआर--ट्रॅम्पोलिन' नावाने सुरू होणारी फाइल दिसली तर घाबरू नका, ती यासाठीच असते. मात्र 'कार', 'पॉइंट' असल्या अगदी मूलभूत फंक्शनांच्या वाटेला जाऊ नये. बाइट-कंपाइल केलेला कोड त्यांचं नाव न विचारताच पुढे जातो.

जिथे व्हेरिएबल आहे तिथे मी हे वापरत नाही. मेसेज दाबायचे असतील तर 'इनहिबिट-मेसेज' आहे, ऑर्गच्या कोड ब्लॉकच्या परवानगीसाठी 'ऑर्ग-कन्फर्म-बेबल-इव्हॅल्युएट'. व्हेरिएबलची किंमत तेवढ्यापुरती बदलणाऱ्या साध्या 'लेट'ने भागतं. बदल कायमचाच हवा असेल तर मूळ फंक्शनवर आपला कोड चढवणारं 'ॲडव्हाइस-ॲड' बरं, कारण कंट्रोल-एच एफ दाबलं की त्या फंक्शनवर काय चढवलंय ते दिसतं, आणि 'ॲडव्हाइस-रिमूव्ह'ने उतरवता येतं.

पॅकेजच्या लेखकाकडे प्रश्न बंद करणारं व्हेरिएबल मागितलंय. ते आलं की हा तुकडा काढून टाकीन.