सिलेन क्रीम: चढत्या ओलीवर उपयोगी, पण गिलावा काढलात तरच

जोत्यातून चढणाऱ्या ओलीवर वॉटरप्रूफ रंग मारला तर पापुद्रे सुटतात आणि ओल आणखी वर सरकते. सिलेन क्रीम, म्हणजे भिंतीत मुरून पाणी वर चढू न देणारं रसायन, मुळावर काम करतं, म्हणून आम्हाला ते पटतं. जमिनीपासून साधारण 15 सेंमी वर, विटांच्या आडव्या सांध्यात, दर 12 सेंमीवर 12 मिमीचं भोक पाडा. 9 इंची भिंतीत खोली 19 सेंमी. भुकटी पूर्ण काढा, नाहीतर क्रीम मुरत नाही. क्रीमची नळी भोकाच्या तळापर्यंत घालून मागे ओढत भरा. मीटरभर उंचीपर्यंतचा जुना गिलावा काढावाच लागतो, कारण त्यातले क्षार हवेतला दमटपणा ओढत राहतात आणि दोष क्रीमला लागतो. भिंत सुकायला जाडीच्या दर इंचामागे साधारण महिना. बाथरूमच्या गळतीवर मात्र याचा काही उपयोग नाही.