नडगीचं हाड गेलं: रिंगा लावायच्या की सिमेंट भरायचं?

अपघातात नडगीच्या हाडाचा चार-सहा सेंटिमीटरचा तुकडा निकामी झाला, किंवा हाडात पू झाल्यामुळे तो काढून टाकावा लागला, की घरच्यांपुढे बहुतेक वेळा दोन पर्याय येतात. पायाला रिंगा लावून चांगलं हाड हळूहळू सरकवत न्यायचं, ही इलिझारॉव्ह पद्धत. किंवा रिकाम्या जागेत हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात ते सिमेंट भरायचं, दीड-दोन महिन्यांनी ते काढून तिथे कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा, ही मास्कले पद्धत. निर्णय पटकन मागितला जातो आणि परिणाम वर्षभर भोगायचे असतात, म्हणून नवं हाड कुठून आणि कसं येतं हे आधी समजून घ्यावं.

रिंगांची पद्धत सायबेरियातल्या कुर्गान शहरातले सर्जन गाव्रिल इलिझारॉव्ह यांनी बसवली. १९६४च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात पाय मोडून बसला होता. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो त्यांच्याकडेच आला. या पद्धतीत हाडाच्या निरोगी भागावर नवा काप घेतात, पाच-सात दिवस थांबतात आणि मग मधला तुकडा रोज एक मिलिमीटर सरकवतात. मागे जी फट पडते तिथे हाड तयार होत जातं. एकच मिलिमीटर का? इलिझारॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून बसायचं, दोन मिलिमीटर ओढलं तर नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या मागे पडायच्या. गर्भात पायाचं हाड आधी कूर्चेच्या रूपात असतं आणि मग त्याचं हाड होतं. कवटीचं तसं नाही, ते थेट घडतं. सावकाश ताणलेल्या फटीत मुख्यतः हा दुसरा मार्ग चालतो: तंतू ताणाच्या दिशेने रांगेत लागतात आणि त्यांच्यावरच हाड बसतं.

पण तो मिलिमीटर घरी, रिंगांवरचे नट फिरवून, सरकवायचा असतो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर, आणि वहीत नोंद. सोबत रोज पिनांच्या, म्हणजे रिंगा हाडाला धरून ठेवणाऱ्या आणि कातडीतून आत गेलेल्या तारा-सळ्यांच्या, मुळाशी साफसफाई, कारण तिथे लाली, पाणी, पू हे जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी होतंच. सरकवून झालं की रिंगा निघाल्या असंही नाही. नवं हाड कडक व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. सेंटिमीटरमागे एक ते दोन महिने धरून चालावं. सहा सेंटिमीटर असतील तर वर्षाच्या आसपास तयारी ठेवा. शेवटी तुकडा समोरच्या हाडाला जिथे टेकतो तो सांधाही कधी कधी आपणहून जुळत नाही आणि तिथे पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. हे आधी सांगितलं नाही तर त्या टप्प्यावर माणूस खचतो.

फ्रान्सच्या आलँ-शार्ल मास्कले यांची पद्धत १९८०च्या दशकातली. सिमेंटचा ठोकळा हाड बनवत नाही, त्याचं काम वेगळंच. शरीर त्या परक्या ठोकळ्याभोवती जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पापुद्रा तयार करतं. त्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात आणि हाड वाढवणारी प्रथिनंही पाझरतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत हा पापुद्रा जपून उघडतात, ठोकळा काढतात, हाडाचा चुरा भरतात आणि पिशवीचं तोंड शिवावं तसा तो पुन्हा शिवतात. चुरा जागेवर राहतो, विरघळून जाण्याचा धोका कमी होतो. पाय बहुधा आतल्या रॉडवर किंवा प्लेटवर असतो, त्यामुळे पँट घालता येते, कुशीवर झोपता येतं. ही लहान गोष्ट नाही.

अडचण चुऱ्याची आहे. कमरेच्या हाडात तो मर्यादितच मिळतो. मोठी पोकळी असेल तर मांडीच्या हाडाच्या पोकळीतून काढावा लागतो. काढलेल्या जागी दुखतं, काहींना बरेच दिवस. आणि पोकळीत जंतू उरले असतील तर भरलेला सगळा चुरा वाया जाऊ शकतो.

म्हणून माझं मत असं. पू बराच जुना असेल, पाय आखूडही झाला असेल किंवा वाकला असेल, तर रिंगांकडे झुकावं. लांबी आणि वाकडेपणा त्याच चौकटीत सुधारता येतो. जखम स्वच्छ झाली आहे, वर चांगलं मांस-कातडं आहे, पोकळी मध्यम आहे आणि घरी रोज नट फिरवायला, ड्रेसिंग करायला हक्काचं माणूस नाही, तर मास्कले. तंबाखू, मशेरी, विडी यांतलं काहीही चालू असेल तर कुठलीही पद्धत निवडली तरी ते आजच थांबवा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि दोन्हीकडे नवं हाड रक्तावरच जगतं. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा.

या सगळ्याहून मी जास्त वजन देईन ते सर्जनच्या हाताला. ज्या पद्धतीत त्यांचा हात बसलेला आहे, तीच सहसा तुमच्यासाठी बरी. एवढ्याच पोकळीच्या त्यांच्या जुन्या पेशंटचे, नाव झाकून, सुरुवातीचे आणि शेवटचे एक्स-रे दाखवा म्हणावं, आणि दुसरी शस्त्रक्रिया लागली तर ती कोण आणि किती खर्चात करणार हे त्याच बैठकीत विचारून घ्यावं.