मंडई की शिवाजी मार्केट? पुण्यात एकच सकाळ असेल तर

पुण्यात पाहुणे म्हणून आलात, हाताशी एक सकाळ आहे आणि हे शहर काय शिजवतं, काय खातं ते बाजारात फिरून बघायचंय, तर दोन जागांपैकी एक निवडावी लागते. एक शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई, दुसरी कॅम्पातलं शिवाजी मार्केट. दोन्ही इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारती आणि दोन्ही आजही रोजच्या धंद्यात आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्यानं मंडईतच जावं असं माझं ठाम मत आहे. पण शिवाजी मार्केट कुणासाठी जास्त बरं, तेही पुढे सांगते.

मंडई सुरू झाली 1886 साली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव इमारतीला दिलं गेलं, म्हणून जुने लोक ‘रे मार्केट’ म्हणायचे. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवतीनं पसरलेले बाजाराचे सोपे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते आणि लोकांचा एवढा पैसा या इमारतीत घालायला त्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच वास्तूला फुल्यांचं नाव मिळालं. आवारातला लोकमान्य टिळकांचा पुतळाही बघा, 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. फुले आणि टिळक, पुण्याच्या दोन वेगळ्या विचारधारा, इथे एकाच आवारात आहेत. निवडणुकीच्या दिवसांत इथे रंगणाऱ्या वादांमुळे पुणेकर या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत आले आहेत.

आत शिरलात की मान वर करावी लागते. विक्रेते उंच गाळ्यावर मांडी घालून बसलेले, भोवती भाजी उतरत उतरत रचलेली, हाताशी तराजू. तुम्ही खालून विचारायचं, “मावशी, मेथी कशी दिली?” वरून भाव येतो आणि बरेचदा जुडीही हातात येते. घासाघीस करा, पण बेतानं. शेतकऱ्याकडून घाऊक बाजार, तिथून हा गाळा, इथवर येताना माल किती हातांतून गेलेला असतो ते लक्षात ठेवा. आणि नुसते फोटो काढून फिरू नका. पाव किलो काहीतरी घ्या, मग फोटोला विचारा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. आता घरबसल्या भाजी मागवणारं गिऱ्हाईक वाढलंय, त्यामुळे इथे पिशवी घेऊन येणारा प्रत्येक माणूस मला मोलाचा वाटतो.

काय मिळेल ते तुम्ही कधी येता त्यावर आहे. संक्रांतीच्या आधी, भोगीला, हरभऱ्याचे ढाळे, पावटा, गाजर, वांगी, बोरं, उसाची कांडकी यांचे ढीग लागतात आणि मंडई वर्षभरात सगळ्यात देखणी दिसते. श्रावणात करटोली, टाकळ्यासारख्या रानभाज्या येतात. गणपतीच्या आदल्या दिवशी पत्री आणि केवडा घ्यायला झुंबड उडते. मौज आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं तो दिवस टाळलेला बरा. उन्हाळ्यात हापूस असतोच, पण मी सांगेन पुरंदरच्या अंजिराचं. सासवड भागातला हा अंजीर, त्याला भौगोलिक मानांकन आहे. पाटीत पानांवर मांडलेला असतो. देठाकडे हिरवट, पोटाशी जांभळट आणि बुडाशी बारीक चीर गेलेली दिसली की तो आजच खायचा. टणक घेऊन ‘उद्या पिकेल’ म्हणून ठेवू नका, झाडावरून उतरलेल्या अंजिराला ती गोडी पुन्हा येत नाही. हिवाळ्यात याच भागातली सीताफळं संपत आलेली असतात आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते.

मंडईचा आणखी एक फायदा म्हणजे भोवतालचा परिसर. दोन मिनिटांवर तुळशीबाग, तिथे श्रीकृष्ण भुवनची मिसळ. बाजीराव रस्त्यावर चितळ्यांची बाकरवडी. अखिल मंडई मंडळाचा शारदा गजानन तर शेजारीच. 2024 पासून भुयारी मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झाल्यामुळे पोचणंही सोपं झालंय. गाडी मात्र आणू नका.

आता शिवाजी मार्केट. हे मूळचं कॅनॉट मार्केट, छावणीच्या भागातलं, म्हणून गिऱ्हाईकही वेगळं. पारशी, इराणी, बोहरी, गोवेकर, तमिळ अशा सगळ्या घरांचा स्वयंपाक इथल्या खरेदीवर चालत आलाय. मासळी, मटण, कोंबडी बघायची किंवा घ्यायची असेल तर मंडईत जाऊन उपयोग नाही, इथेच या. 2021 च्या मार्चमध्ये लागलेल्या आगीत मासळी आणि कोंबडीचे बरेच गाळे जळाले होते. एवढं सोसूनही इथले लोक धंद्याला उभे राहिले, याचा मला मनापासून आदर आहे. मासळीला सकाळीच जा, जमीन ओली असते, चपला तशा घाला. वासाची सवय नसेल किंवा सोबत लहान मुलं असतील तर भाजी-फळांच्या बाजूनं फिरलात तरी चालेल.

इमारतीचा इतिहास आणि हंगामाचा माल यांत मंडई सरस आहे. शिवाजी मार्केटची जमेची बाजू म्हणजे बाजार झाल्यावर कॅम्पात जे खाता येतं ते. ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक, जवळच बुधानींचे वेफर्स. पुणे स्टेशनवरून येत असाल आणि दुपारची गाडी असेल, तर कॅम्प जवळ पडतो. तेवढ्यासाठी पेठांत शिरून परत यायची दगदग करू नका.

गुलटेकडीचं मार्केट यार्ड काही जण सुचवतील. तो घाऊक बाजार आहे, ट्रक आणि हमालांच्या गर्दीत बघ्यांची अडचणच होते. फुलबाजाराची खास ओढ असेल तरच जा आणि शनिवारी जाऊ नका, त्यांची सुट्टी असते.

दोन्ही बाजार एका दिवसात करणार असाल, तर आठच्या आत मंडई गाठा, तुळशीबागेत मिसळ खा आणि मग रिक्षानं कॅम्पात या. कयानी दुपारी काही तास बंद असते आणि रविवारी उघडतच नाही, तेव्हा बिस्किटं आधी घ्या, मग मार्केटमध्ये फिरा.