चुंबकाची पिन की टाइप-सी? लॅपटॉप घेण्याआधी वाचा

लॅपटॉप कुठे ठेवून वापरणार, हे आधी ठरवा. चार्जिंग पिनीचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

लातुरात क्लासच्या पोरांची खोली म्हणजे एक बोर्ड आणि फरशीवर पसरलेल्या चार वायरी. पाय अडकणारच. अ‍ॅपलने 2006 मध्ये मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारी चार्जिंग पिन, आणलं ते याचसाठी: झटका बसला की पिन सुटते, लॅपटॉप जागेवर राहतो. टाइप-सीला आडवा झटका बसला तर सॉकेट ढिलं होतं. ते बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, त्यामुळे दुरुस्ती महागात पडते. चुंबकाची खोड उलटी. गादीवर लोळत काम करताना पिन हळूच सरकते आणि लाइट जायच्या ऐन वेळी बॅटरी रिकामी निघते. पिनीवरच्या दिव्याकडे बघायची सवय लावा.

काम वाळूजच्या किंवा जालन्याच्या एमआयडीसीत असेल तर मात्र मी चुंबक घेणार नाही. ग्राइंडरजवळचा लोखंडी कीस त्या टोकाला दाढीसारखा चिकटतो, स्प्रिंगवरचे बारीक पॉइंट आत अडकतात आणि चार्जिंग चालू-बंद होत राहतं. चार्जर बोर्डावरून काढून चिकटपट्टीने कीस टिपून घ्यायचा. टाचणी अजिबात घालायची नाही. परभणीकडे जिनिंगवर बसणाऱ्याचं दुखणं वेगळं: कापसाचे तंतू टाइप-सीच्या खाचेत दाबले जातात, पिन पूर्ण बसत नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने ते अलगद काढता येतात.

वायरीचंही बघा. जुन्या मॅगसेफची वायर अ‍ॅडॉप्टरलाच जोडलेली असायची. मानेजवळ सोलली की अख्खा अ‍ॅडॉप्टर बदला. 2021 च्या मॅगसेफ 3 पासून केबल सुटी आहे, शिवाय अ‍ॅपलचा तोच लॅपटॉप, मॅकबुक, टाइप-सीवरही चार्ज होतो. दोन वाटा असल्यामुळे मला हीच जोडी सगळ्यात भरवशाची वाटते, बजेट असेल तर.

बजेट नसेल तर ऑनलाइन मिळणारी चुंबकी टोपणं लावून टाइप-सीचं मॅगसेफ करू नका. यूएसबीच्या मानकात ती बसत नाहीत, पॉइंट उघडे असतात आणि लॅपटॉपच्या चार्जिंगला 20 व्होल्टपर्यंत, काहींत त्याहूनही जास्त दाब येतो. तिथे कीस चिकटला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

त्यापेक्षा दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेलं मॉडेल शोधा आणि दोन्हींवर चार्जिंग होतं का, ते दुकानातच लावून बघा. एक सॉकेट गेलं तरी काम अडत नाही.