'एच' म्हणजे हाय नव्हे: 10 मीटर एअर पिस्तुलाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत या पिस्तुलातून छर्‍यांचे पाचशेचे अठरा डबे, म्हणजे नऊ हजार छर्रे झाडून झाले आहेत. ट्रिगरचे वजन, हवेचे सिलिंडर, ग्रिपची (मुठीची) मापे ही माहिती कुठेही मिळते, म्हणून ती येथे देत नाही. मला लिहायचे आहे ते मागच्या साईटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) स्क्रूशेजारी कोरलेल्या 'एच' आणि 'टी' या दोन अक्षरांविषयी, कारण त्यांच्यापायी माझे तीन महिने आणि बाराशे रुपये गेले आणि आणखी साडेचौदा हजार जाता जाता वाचले.

पिस्तूल मी वापरलेले घेतले. मी उजव्या हाताने नेम धरतो आणि पहिल्या आठवड्यापासून माझे छर्रे खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात त्या दिशेला, टार्गेटवरच्या आठच्या आणि सातच्या रिंगमध्ये पडत होते. दहाची रिंग अवघी 11.5 मिमी व्यासाची आणि तिच्या बाहेरची प्रत्येक रिंग 8 मिमी रुंदीची असल्यामुळे ही चूक दीड ते तीन सेंटिमीटरची होती. साईट आधीच्या मालकाच्या नजरेला जुळवलेली असेल असे समजून मी 'एच' म्हणजे 'हाय' असा अर्थ घेतला, त्या बाजूला सहा क्लिक (स्क्रूचे खटके) फिरवले आणि छर्रे आणखी दीड रिंग खाली गेले.

दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी स्क्रू उलटा चालतो म्हणजे आतले आटे गेले आहेत, असे पाच मिनिटांत सांगून टाकले. तपासणीचे बाराशे रुपये घेतले आणि संपूर्ण साईट बदलण्याचे साडेचौदा हजार सांगितले. त्यांनी पिस्तुलातून एकही छर्रा झाडून पाहिला नाही, याचा मला आजही संताप येतो. नेम कुठे लागतो हे टार्गेटवर न पाहता साईट नादुरुस्त ठरवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे आहे.

पैसे भरण्याआधी आमच्या रेंजवरच्या मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "आधी पिस्तूल काय करतंय ते बघ, मग तू काय करतोस ते बघू." त्यांनी मला खुर्चीवर बसवले, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवायला लावले आणि दहा छर्रे झाडायला सांगितले. दहाही भोके एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. नळीत किंवा साईटमध्ये काही ढिले असते, तर भोके अशी एकत्र आलीच नसती. मग त्यांनी स्क्रू 'टी'कडे दहा क्लिक फिरवला आणि पुन्हा दहा छर्रे झाडायला लावले. तोच गठ्ठा जसाच्या तसा वर सरकला. व्हर्नियरने मोजले तर 20 मिमी, म्हणजे एका क्लिकला 2 मिमी. माझ्या पिस्तुलाच्या दोन साईटमधले अंतर सुमारे 340 मिमी धरले, तर एका क्लिकला मागची साईट जेमतेम 0.07 मिमी हलते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. इतके बारीक काम बिनचूक करणार्‍या साईटला मी तीन महिने बोल लावत होतो.

अक्षरे जर्मन आहेत. 'होख' म्हणजे वर आणि 'टीफ' म्हणजे खाली. त्यातही ती छर्रा कुठे न्यायचा हे सांगत नाहीत, तो कुठे पडला ते सांगतात: छर्रे खाली पडत असतील तर 'टी'कडे फिरवायचे. इंग्रजी डोळ्याला मात्र 'एच' म्हणजे हाय आणि 'टी' म्हणजे टॉप, दोन्ही वरच. एवढ्या किमतीच्या वस्तूवर एक साधा बाण कोरायला काय हरकत होती?

येथवर मी दोष अक्षरांना देत होतो. पण उभा राहून एका हाताने मारायला लागल्यावर छर्रे पुन्हा सातच्या दिशेला जाऊ लागले आणि तेही एकत्र नव्हे, तर दहाच्या रिंगपासून सातच्या रिंगपर्यंत तिरक्या रेषेत पसरून. असा पसरलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा गठ्ठा, स्क्रूने सुधारत नाही. सिलिंडरमधला दाब कमी पडतो की काय अशीही शंका आली, म्हणून हिशेब मांडला. छर्‍याचा वेग सेकंदाला 150 मीटरवरून 140 वर आला तरी 10 मीटरवर तो साधारण 3 मिमी खाली पडेल, आणि डावीकडे तर मुळीच जाणार नाही. मग मॅडम स्वतः छर्रा भरून पिस्तूल माझ्या हातात देऊ लागल्या. मधूनच, मला न सांगता, त्या ते रिकामे देत. रिकाम्या वेळी ट्रिगर सुटताच पुढची साईट खाली डावीकडे डुबकी घेताना मला स्पष्ट दिसली. धक्का बसणार या अपेक्षेने मनगट आधीच खाली जात होते. कोर्‍या पांढर्‍या कागदावर नेम धरून, रोज घरी शंभर वेळा रिकामा ट्रिगर ओढून, ती डुबकी जायला सात आठवडे लागले.

त्यानंतर ग्रुप गोल झाला, पण 12 मिमी डावीकडेच राहिला. आडव्या स्क्रूचे सहा क्लिक फिरवून प्रश्न मिटला असता. मी मात्र आधी ग्रिपवर टाल्कम पावडर लावून दहा वेळा ट्रिगर ओढला. तर्जनीच्या मधल्या पेराजवळ लाकडावरची पावडर पुसली गेली होती. बोट ट्रिगरबरोबर लाकडालाही दाबत होते आणि नळी डावीकडे ढकलली जात होती. तेवढीच जागा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन मिलिमीटर घासली. खर्च दहा रुपये आला आणि आडवा स्क्रू फक्त एक क्लिक फिरवावा लागला.

आता पिस्तुलाविषयी माझी तक्रार उरलेली नाही. अक्षरांविषयीची आहे आणि राहील. स्क्रूची दिशा बदलली की पहिला क्लिक रिकामा जातो, हेही माहीत असलेले बरे. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवरच्या प्रखर दिव्यांखाली माझा ग्रुप 4 मिमी खाली येतो, म्हणून तेथे 'टी'कडे दोन क्लिक देतो. परत आल्यावर 'एच'कडे चार फिरवून 'टी'कडे दोन मागे आणतो, आणि सराव सुरू करण्यापूर्वी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून पाच छर्रे झाडून पाहतो.