आधी इश्यू की थेट पुल रिक्वेस्ट?

ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पात पहिल्यांदाच हात घालणाऱ्या एकाने विचारलं: बग सापडलाय, दुरुस्तीही सुचलीय, आधी इश्यू (अडचणीची नोंद) उघडू की सरळ पुल रिक्वेस्ट (माझा बदललेला कोड सामावून घ्या अशी विनंती) पाठवू?

वेळेचं म्हणाल तर पुल रिक्वेस्ट पुढे. इश्यूवर उत्तर यायला कधी कधी आठवडे जातात. प्रकल्प सांभाळणारे बरेच जण नोकरीतून उरलेल्या वेळात हे बघतात.

मेहनत वाया जाण्याचा धोका मात्र उलटा. पाचशे ओळी लिहून झाल्यावर ‘हे आम्हाला नकोच होतं’ असं कळलं की दोन्हीकडे कडवटपणा. इश्यूत तेच दोन ओळींत कळतं. तिथे आवृत्ती, बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या, अपेक्षित काय होतं नि झालं काय, एवढं लिहा. नुसतं ‘चालत नाही’ म्हणजे काहीच न सांगणं. आणि आधी जुने, बंद झालेले इश्यू चाळा. नकार बऱ्याचदा तिथेच सापडतो.

समोरच्यावरचा भार हा खरा निकष, आणि तोच विसरला जातो. पाठवलेला कोड तपासायचा त्यांनी, पुढे वर्षानुवर्षं निस्तरायचाही त्यांनीच. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावण्याचा वार्षिक उपक्रम) टी-शर्टच्या आशेने रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत, एखादा शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टींचा इतका सुळसुळाट झाला, की आयोजकांना ऐनवेळी नियम बदलून संमती दिलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला.

टायपो, तुटलेली लिंक, किंवा उघड बग आणि सोबत टेस्ट (दुरुस्ती चालते हे तपासणारा कोड) असेल तर थेट पाठवा. नवी सुविधा, एपीआयमधला (इतर प्रोग्रॅम ज्यातून हा कोड वापरतात त्यातला) बदल, नवी डिपेंडन्सी (ज्यावर प्रकल्प विसंबेल असा बाहेरचा कोड) असेल तर आधी इश्यू. सुरक्षेतली त्रुटी असेल तर दोन्ही नकोत. प्रकल्पाने सांगितलेल्या खासगी मार्गानेच कळवा.